दोन जलद, एक थांबून

विहिरी खणणाऱ्यांच्या घरात पोर बोलायला शिकतं त्याच्या आधी ठोके ओळखायला शिकतं. शिकावंच लागतं. पंचवीस हात खोल तळातून माणूस कितीही बोंबलला तरी वर पोचतो तो नुसता घुमारा, शब्द एक कळेल तर शपथ! म्हणून खालचा माणूस दगड घेऊन विहिरीच्या विटांवर ठोके मारतो आणि दोरवाला काठाला कान लावून बसतो. आधी ज्याची त्याची खूण, म्हणजे कोण बोलतंय ते. मग काम. एक ठोका म्हणजे टोपली खाली सोडा, दोन म्हणजे वर ओढा, आणि थांबायचं नावच न घेणारे ठोके म्हणजे माती सरकतेय, जीव वाचवा.

उंदरीच्या बाबांची खूण होती दोन जलद आणि मग थांबून एक. टक-टक. टक. तो तिसरा ठोका यायला इतका वेळ लागायचा की नवखा माणूस उठून जायला बघायचा.

"मध्ये थांबता कशाला, बाबा?" तिने एकदा विचारलं होतं.

"ऐकणाऱ्याला कान टवकारायला वेळ नको?" बाबा म्हणाले होते. त्यांना कशाचीच घाई नसायची.

उंदरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते काकाने पाडलेलं. अकरावं सरत आलं तरी पोरगी वीतभरच राहिली आणि दिसेल त्या बिळात शिरायची, म्हणून उंदरी. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. हाडं मोजून घ्यावीत इतका काटकुळा, आणि दोन घटका गप्प बसला तर पोटात दुखायचं त्याच्या. त्याची खूण चार ठोक्यांची, झटपट, पीठ मागायला आलेल्या शेजारणीने दार वाजवावं तशी. घरच्या आडावर आई पाणी शेंदायला लागली की हा हटकून म्हणायचा, "वहिनी दोर ओढतात की दोराशी भांडतात?" कारण आईचं ओढणं म्हणजे आखूड आखूड हिसके. आई म्हणायची, "भावजी, पाणी प्यायला मिळतंय ना? मग गप्प बसा."

पण माणसाने मस्करी कुठे करावी याला काही सुमार असतो, आणि तो काकाला नव्हता. तळातून तो अधूनमधून चार ठोके मारायचा आणि पाठोपाठ ते न थांबणारे ठोके. वर सगळ्यांची त्रेधा. दोर ओढून ओढून माणसं घामाघूम व्हायची आणि काका टोपलीत बसून खिदळत वर यायचा, "काय तोंडं झालीत एकेकाची!" तिसऱ्या खेपेला मस्करीची कुस्करी झाली. दोरवाले आजोबा घाईत ओढताना दोर हातातून सटकला आणि दोन्ही तळहातांची सालं निघाली. आजोबांनी हातांना तेलाच्या चिंध्या बांधल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्याच्या खुणेवर मी पुन्हा दोराला हात लावणार नाही. ह्याने खाली मरावं." बाकीच्या सगळ्या खणणाऱ्यांनीही माना डोलावल्या. तेव्हापासून काका उतरायचा तो बाबांबरोबरच, आणि वर यायचा तो बाबांच्या खुणेवर.

ही गोष्ट फार जुनी आहे. त्या शहरात घरं विटांची, गटारं विटांची, रस्ते दोरी धरून आखलेले. नदी मात्र दर साली थोडी थोडी पलीकडे सरकत चालली होती आणि तिच्यामागून विहिरींचं पाणी खाली जात होतं. मग करायचं काय? आणखी खोल खणायचं. काठावर विटांचं गोल कडं बांधायचं, तळातून माती काढायची, की ते कडं आपल्याच वजनाने खाली बसतं. मग वरून पुन्हा चार थर चढवायचे. काम सोपं आहे, पण वीट पक्की पाहिजे. आणि रान तोडून तोडून शहराने भट्टीला लाकूडच ठेवलं नव्हतं, त्यामुळे विटा अर्ध्याकच्च्या निघायला लागल्या होत्या.

बाबा प्रत्येक वीट टिचकी मारून बघायचे. पक्की वीट खणखणते, कच्ची बद्द वाजते. ते त्यांनी उंदरीला शिकवलं होतं. त्या दिवशी सकाळी थोरल्या गवंड्याने नवी रास उतरवली तेव्हा बाबा आणि काका तळात होते. उंदरीने दहा-बारा विटांना टिचकी मारली आणि सांगितलं, "ह्या बद्द वाजतायत."

थोरला गवंडी सगळ्या कामाचा मुख्य. माणूस दुष्ट नव्हता, पण पाण्यापायी सहा महिने कुणी त्याला धड झोपू दिलं नव्हतं. तो म्हणाला, "पोरी, तुझ्या कानांनी शहराची तहान भागते का? चढवा विटा."

चढवल्या. सूर्य डोक्यावर आला तेव्हा विहिरीच्या पोटातून एक लांबलचक खरखर आली आणि आत बसलेले ते कच्चे थर वरच्या ओझ्याखाली पार भुगा झाले. वरचं कडं तिरकं होऊन आत गेलं. विहिरीचं तोंड बाटलीत बूच बसावं तसं बंद झालं आणि धूळ इतकी उडाली की शेजारचा माणूस दिसेना.

आई भट्टीवर चिखल तुडवत होती. ती तशीच चिखलाच्या पायांनी धावत आली. रडली नाही, ओरडली नाही, काठाशी बसली आणि विटांना कान लावला. उंदरीनेही लावला. बराच वेळ नुसती माती गळत होती.

मग आलं. टक-टक.

उंदरीने श्वास धरला.

टक.

"बाबा!" ती किंचाळली. "आई, बाबा आहेत! ऐकलंस?"

आईने ऐकलं होतं. आजोबांनीही अजून चिंध्या बांधलेले हात टेकून कान लावला आणि मान डोलावली. "त्याचीच खूण. दुसरी काही येत नाही." थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "धाकटा गेला वाटतं."

आईने डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, उंदरीला त्या घडीला काकाचं काही वाटलं नाही. दोघांतला एक राहिला आणि तो बाबा होता, याचाच तिला आनंद झाला. काकाने तिला खांद्यावर बसवून सगळं शहर दाखवलं होतं, तरी तिला आनंदच झाला.

थोरला गवंडी कान लावून उठला आणि म्हणाला, "विटा बसताना वाजतात."

"विटा थांबून वाजत नाहीत," उंदरी म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. पलीकडे दहा हातांवर धान्याचं कोठार होतं आणि त्याच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली होती. त्याने तिकडे बोट केलं. "कडं आणखी सरकलं तर कोठार आत येईल. मग शहर काय खाणार? दोन माणसं गेली, तिसरं मी देणार नाही. भट्टीची सावली इथे काठाला लागली की विहीर भरायला घेणार." खणणारे खाली माना घालून उभे राहिले. प्रत्येकाच्या घरी पोरंबाळं होती.

"जुन्या विहिरीतून बगल आहे," उंदरी म्हणाली.

ती होतीच. वीस हातांवर एक जुनी, कोरडी पडलेली विहीर होती. गेल्या उन्हाळ्यात तिचं उरलंसुरलं पाणी नव्या विहिरीत आणायला बाबांनी दोन्हींच्या मध्ये आडवं बीळ खणलं होतं, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढं. त्यालाच ते बगल म्हणायचे. पाणी आटल्यावर नव्या विहिरीकडचं तोंड विटांनी बुजवून टाकलं. खणताना मागून माती ओढायला उंदरीच होती, त्यामुळे तिला वाट पाठ होती.

"निम्मी गाळाने भरली असेल," आजोबा म्हणाले. "मोठ्या माणसाला आधी उपसावी लागेल. दिवस जाईल."

"मी मोठी कुठे आहे?"

सगळे आईकडे बघायला लागले. आई उठली, दोर घेतला, उंदरीच्या कमरेला दोन वेढे देऊन गाठ मारली आणि गाठ तीनदा ओढून बघितली. "माझा हात दोरावर असेल," ती म्हणाली. "तिकडे माती गळायला लागली तर बाबांसाठीसुद्धा थांबायचं नाही. ऐकतेयस ना?"

"हो," उंदरी म्हणाली. ते खोटं होतं आणि आईलाही ते कळलं.

जुन्या विहिरीच्या तळाला ओल होती आणि कुजट वास होता. वर आकाश ताटाएवढं दिसत होतं. तिने कमरेचा दोर सोडला, लोंबता ठेवला आणि एक दगड उचलून बगलेत शिरली. चार हात आत गेल्यावर अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हाताने चाचपून बघावं. गाळ खरंच साचला होता. ती हातांनी उकरायची, पोटाखालून मागे ढकलायची, पायांनी आणखी मागे लोटायची आणि पुढे सरकायची. माती तोंडात गेली, नखं उलटली. मध्येच छत सुटून ढेकळं पाठीवर पडली. ती तशीच पडून राहिली. मग तिने बाजूच्या दगडावर बाबांची खूण वाजवली. टक-टक. टक.

समोरून लगेच उत्तर आलं. तीच खूण, अगदी जवळ.

"आले, बाबा! आले!" ती रडतही होती आणि हसतही होती. पुढचं अंतर ती कशी गेली ते तिचं तिला कळलं नाही. हाताला विटा लागल्या. बुजवलेलं तोंड! दगडाने तिने एक वीट सैल केली, उपटली, मग दुसरी. पलीकडून कुणीतरी धापा टाकत होतं. त्या भोकातून एक हात बाहेर आला आणि चाचपडत तिच्या हाताला लागला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

बाबांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नव्हतं. उंदरी जन्मायच्या आधीच ते विटेखाली चेचलं होतं. लहानपणी ती त्या थोट्या करंगळीला धरून चालायला शिकली होती.

हा हात उजवा होता. बोटं पुरी पाच होती.

तिने पुन्हा एकदा मोजली.

"काका?"

"उंदरे," पलीकडून आवाज आला. तो काकाचा होता आणि त्यात मस्करी नव्हती.

"बाबा कुठेत?"

काकाने तिचा हात आणखी घट्ट धरला.

"काका, बाबा कुठेत? खूण कुणी वाजवली?"

"मी," काका म्हणाला. "दादा माझ्या शेजारीच आहे. कडं आलं तेव्हा त्याने मला भिंतीकडे ढकललं आणि स्वतः खाली सापडला. छातीपर्यंत. थोडा वेळ होता तो. बोलत होता. मी दगड घेऊन माझी खूण वाजवायला लागलो. त्याने माझा हात धरला. म्हणाला, तुझ्या खुणेला कुत्रं येणार नाही. माझी वाजव. पोरगी ऐकेल."

उंदरीने त्याचा हात सोडून दिला.

ती अंधारात पालथी पडून राहिली. तिला वाटलं, हा चोर आहे. याने बाबांची खूण चोरली आणि आपल्याला फसवून इथवर आणलं. चार ठोके वाजले असते तर आपण आलोच नसतो. आणि हे मनात आलं तसं तिला हेही कळलं, की बाबांनाही ते ठाऊक होतं.

"मग तू का नाही मेलास?" ती ओरडली. "तूच मरायला हवं होतंस!"

"मलाही तेच वाटतंय ग," काका म्हणाला. "मघापासून तेच वाटतंय. तू जा मागे. मी आता खूण वाजवणार नाही. शप्पथ."

वरून धप्प असा आवाज आला. मग आणखी एक. टोपल्या रिकाम्या होत होत्या. सावली काठाला लागली होती.

"भरायला लागले," काका म्हणाला. "जा म्हटलं ना!"

ती गेली नाही. का, ते तिला पुढे म्हातारपणीसुद्धा नीट सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणायची की मागे जायला वळावं लागलं असतं आणि तिथे वळायला जागा नव्हती. तिने दगड उचलला आणि तिसरी वीट काढली. मग चौथी. काकाने पलीकडून ढकलल्या. भोक खांद्याएवढं झालं.

"आधी मला बाबांना हात लावू दे," ती म्हणाली.

काकाने तिचं मनगट धरून हात पलीकडे नेला. विटांच्या ढिगातून आता एक हातच बाहेर राहिला होता. तो थंड होता, मातीने भरला होता. तिने बोटं चाचपली. करंगळी थोटी होती. तिने ती आपल्या मुठीत धरली, लहानपणी धरायची तशीच. वरून बारीक माती त्यांच्या हातांवर पडत राहिली.

"उंदरे," काका म्हणाला. "चल आता."

काकाचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. काटकुळा म्हणूनच तो बगलेत मावला आणि कोपरांवर आला, दात आवळून, आणि उंदरी पाय पुढे करून उलटी सरपटत त्याला काखेत धरून ओढत आली. मागे नव्या विहिरीत माती पडण्याचा आवाज बसका होत होत बंद झाला. जुन्या विहिरीच्या तळाला पोचले तेव्हा वरचं आकाश करडं झालं होतं. दोर लोंबत होता. दोर एक आणि माणसं दोन.

"तू आधी जा," काका म्हणाला.

"तुझी गाठ कोण मारेल? तुला उभं तरी राहता येतंय का?" तिने दोर त्याच्या काखेखालून घेतला, दोन वेढे दिले आणि गाठ तीनदा ओढून बघितली. मग तिने दगड उचलला.

काकाने तिचा हात धरला. "माझी खूण वाजवू नकोस. आजोबा दोर ओढणार नाहीत. आणि वहिनी..." तो हुंदका देत म्हणाला, "वहिनी दादाची वाट बघतायत ग वर. त्याचीच वाजव. वर गेल्यावर बघतीलच."

उंदरीला आई दिसत नव्हती, पण ती काठाला कान लावून बसली असणार हे तिला माहीत होतं. बाबांची खूण वाजवली तर आई हसून दोर ओढेल. हातभर, दोन हात, वीस हात, सगळा वेळ हसून ओढेल. आणि मग काठाच्या उजेडात काकाचं तोंड वर येईल.

"नाही," उंदरी म्हणाली.

तिने विटेवर चार झटपट ठोके मारले. मग जरा थांबून दोन. वर ओढा.

वर काहीच झालं नाही. दोर सैल होता. कुणी बोललं नाही, कुणी काठावरून डोकावलं नाही. काकाने मान खाली घातली. उंदरीने दोराकडे बघत मनात मोजायला घेतलं. तिला वीसपर्यंतच यायचं. वीस झाले, पुन्हा वीस झाले. तिने पुन्हा ठोके मारले. चार. आणि दोन.

तेवढ्यात वरून एक आवाज आला. तो ठोका नव्हता आणि बोलणंही नव्हतं. आईचा तसला आवाज उंदरीने आधी कधी ऐकला नव्हता आणि पुढेही कधी ऐकला नाही. तो थांबला. मग बराच वेळ पुन्हा काही नाही.

मग दोर ताणला.

आजोबा ओढायचे ते लांब, एकसारखं. हे तसं नव्हतं. हे आखूड आखूड हिसके होते, एकामागून एक, दोराशी भांडल्यासारखे. काका वर जायला लागला. त्यालाही ओढणारे हात ओळखू आले, कारण त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तो काठाआड गेला. वर पायांचे आवाज झाले. मग दोराचं मोकळं टोक हळूहळू खाली आलं आणि उंदरीच्या समोर लोंबत राहिलं. तिने ते कमरेला बांधलं. दगड अजून तिच्या हातात होता आणि तिची स्वतःची खूण अजून ठरायची होती. बाबा म्हणाले होते, बारावं लागलं की ठरवू.

तिने दगड खाली ठेवला आणि दोर नुसताच दोनदा ओढला. यायचं आता एकच माणूस उरलं होतं.